तंजावरचा सरस्वती महाल : राजवाड्यातल्या पोथ्या सार्वजनिक कशा झाल्या

पोथीपान (धागाकर्ता)

तंजावरला जाणारा मराठी माणूस बहुधा आधी बृहदीश्वराच्या दर्शनाला जातो, तेथील प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख पाहून हरखून जातो आणि मग राजवाड्याकडे वळतो. राजवाड्यात दरबाराचे रंगीत खांब आणि कलादालनातल्या कांस्यमूर्ती पाहता पाहता दिवस संपतो, आणि त्याच आवारातले सरस्वती महाल ग्रंथालय पाहायचे राहून जाते. माझेही पहिल्या खेपेस असेच झाले होते. दुसऱ्या खेपेस मी केवळ ग्रंथालयासाठी गेलो, आणि त्यानंतर त्याच्या इतिहासाविषयी जे वाचनात आले ते एकत्र मांडावे असे बरेच दिवस मनात होते. राजांनी जमवलेल्या पोथ्यांचे कौतुक आपल्याकडे होते आणि ते व्हायलाच हवे. पण राज्य गेल्यानंतरही त्या पोथ्या जागच्या जागी कशा राहिल्या, हा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

वाडा मुळात नायक राजांचा. विजयनगरच्या छत्राखाली सोळाव्या शतकात तंजावरला राज्य करू लागलेल्या नायकांनी तो उभारला आणि ग्रंथसंग्रहाची सुरुवातही त्यांच्याच काळात झाली. १६७५-७६ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले, तेव्हा वाड्याबरोबर हा संग्रहही भोसल्यांकडे आला. त्यांनी तो नुसता सांभाळला नाही, तर वाढवला. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे स्वतः तेलुगू आणि मराठीत नाटके लिहीत असत. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांचे मराठी नाटक १६९० च्या आसपासचे आहे, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीस केलेल्या प्रयोगाच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना ही दीडशे वर्षे आपण सहसा वगळतो.

आज ग्रंथालयाला ज्यांचे नाव आहे ते दुसरे सरफोजीराजे १७७७ मध्ये जन्मले. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले, पण तुळजाराजांच्या मृत्यूनंतर गादी गेली त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे, आणि या पोरक्या राजपुत्राचा सांभाळ केला तो श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. सरफोजींचे काही शिक्षण मद्रासेस झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरले तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा (त्या काळचे सोन्याचे नाणे) आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ज्याच्या हातून फौज, न्याय आणि महसूल हे तिन्ही गेले, त्या राजाने उरलेला पैसा आणि उरलेली तेहतीस वर्षे ग्रंथ, शाळा, वैद्यक आणि संगीत यांत घातली. एरवी अशा स्थितीतल्या संस्थानिकांचा पैसा कोठे जात असे, हे आठवले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते.

१८२० ते १८२२ या काळात सरफोजीराजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस गेले आणि परतताना पुष्कळ हस्तलिखिते घेऊन आले. ग्रंथालयातील नागरी लिपीतल्या संस्कृत पोथ्यांचा बराच मोठा भाग त्या यात्रेतला आहे. युरोपातूनही ते ग्रंथ मागवीत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांमधल्या त्यांच्या छापील ग्रंथांची संख्या काही हजारांत जाते, आणि त्यांतल्या अनेकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. काचेखाली उघडून ठेवलेल्या एका ग्रंथाच्या मुखपृष्ठावरची ती सही मी बराच वेळ पाहत होतो. शाई तपकिरी पडलेली आहे, अक्षर सावकाश आणि ठसठशीत आहे, आणि ते ग्रंथाच्या नावाला कोठेही न लागता मोकळ्या जागी नेमके बसवलेले आहे. ग्रंथ हाताळण्याची सवय असलेल्या माणसाचीच ती सही आहे, हे पाहताक्षणी कळते.

संग्रहाचे वैविध्य थोडक्यात सांगायचे तर लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरचा फ्रेंच ग्रंथ आणि जॉन्सनचा इंग्रजी कोश एका बाजूला आहेत, तर दुसऱ्या बाजूला हत्ती आणि घोडे यांच्या लक्षणांवरच्या सचित्र पोथ्या आहेत. राजांच्या वैद्यकशाळेत तपासलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी रोगी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह जतन केलेल्या आहेत. वाड्यातल्या मुदपाकखान्यातले पदार्थ लिहून ठेवलेली वहीदेखील येथे सापडते.

सरफोजींनी १८०५ च्या सुमारास वाड्यात छापखाना घातला आणि १८०६ मध्ये त्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक नागरी खिळ्यांनी छापले गेले. त्याच सुमारास, १८०५ मध्ये, बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण छापून निघाले होते. म्हणजे मराठीच्या नागरी मुद्रणाचे आरंभीचे टप्पे गंगेच्या आणि कावेरीच्या काठी पडले, आणि तेव्हा पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती.

हा झाला वैभवाचा भाग. आता मूळ मुद्दा. १८३२ मध्ये सरफोजीराजे निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रसंतान नसता वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. त्या वेळी वाड्यातली मालमत्ताही सरकारने ताब्यात घेतली. राण्यांपैकी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिल या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेले आणि ही राजसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तिच्यात पडता येत नाही, असा निवाडा १८५९ मध्ये झाला. पुढे १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली. या सगळ्या धामधुमीत पोथ्यांचे काय होणार होते? खालसा झालेल्या संस्थानांचे जडजवाहीर आणि ग्रंथ देशोदेशी गेल्याची उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत.

माझ्या मते या ग्रंथालयाला वाचवले ते एका यादीने. तंजावरला न्यायाधीश असलेल्या आर्थर बर्नेल यांनी राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखिते एकेक तपासून त्यांची वर्गवार सूची केली आणि ती १८८० मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध झाली. हा संग्रह सुमारे तीनशे वर्षांच्या संचयाचे फळ आहे, काही ताडपत्रे नायकांच्या काळातली आहेत आणि नागरी पोथ्या मराठ्यांच्या काळातल्या आहेत, हे त्यांनीच नोंदवून ठेवले. जोवर पोथ्या नुसत्या कपाटांत होत्या, तोवर एखादी नाहीशी झाली तरी कोणाला पत्ता लागला नसता. सूची छापली गेली आणि कोणत्या क्रमांकाला काय असले पाहिजे हे जगाला ठाऊक झाले. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी मद्रास सरकारने हे ग्रंथालय सार्वजनिक केले आणि व्यवस्थापनासाठी समिती नेमली. १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांनी संपादित केलेल्या वर्णनात्मक सूचीचे खंड निघू लागले, ते पुढे एकोणीस झाले. त्या खंडांत पोथीच्या नोंदीपाशी तिचा बर्नेलच्या सूचीतला क्रमांकही छापलेला आहे. त्यामुळे बर्नेलने नोंदवलेली पोथी आजही हजर आहे की नाही, हे कोणालाही ताडून पाहता येते.

जाणकारांनी भर घालावी आणि माझे काही चुकत असल्यास दुरुस्त करावे, ही विनंती.


प्रतिसाद १ : ओसरी

लेख अत्यंत मनापासून लिहिलेला आहे आणि बरीच माहिती मला नवी होती. तरी एक शंका विचारतो. आपण या संस्थेला सार्वजनिक ग्रंथालय म्हणता, पण आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय म्हटले म्हणजे पुण्यात १८४८ मध्ये किंवा कोल्हापुरात १८५० मध्ये निघालेली ग्रंथालये डोळ्यांसमोर येतात. गावातल्या मंडळींनी ती चालवली, पुढे वर्गणी भरून पुस्तके घरी नेता येऊ लागली, संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती माणसे जमू लागली. तंजावरचा संग्रह राजाने केला आणि सरकारने खुला केला. लोकांचा हात त्यात कोठे आहे?

दुसरी गोष्ट अनुभवाची आहे. आमच्या तालुक्याच्या गावी एका जुन्या वाड्यात वाचनालय होते. वाडा पाडायचा ठरला तेव्हा पुस्तके गोणपाटात भरून एका गोदामात ठेवली गेली. दोन पावसाळ्यांनंतर गोणी उघडल्या तेव्हा निम्म्या पुस्तकांचा लगदा झाला होता आणि उरलेली वजनावर गेली. त्यांत गावातल्याच एका शिक्षकाने हाताने लिहून दिलेल्या गावच्या इतिहासाच्या तीन वह्या होत्या. दाखलनोंदवहीच जागेवर नव्हती, त्यामुळे काय गेले हेदेखील कोणी सांगू शकले नाही. आपला यादीचा मुद्दा वाचताना मला त्या वह्या आठवल्या.


प्रतिसाद २ : पोथीपान

ओसरी यांस,

तीन वह्यांची हकिगत वाचून फार वाईट वाटले. त्या शिक्षकांच्या घरी कच्चे टिपण असण्याची शक्यता आहे का, हे एकदा पाहावे, कारण त्या पिढीतली माणसे आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून मग वहीत उतरवून काढत.

आपली शंका रास्त आहे. सरस्वती महाल वर्गणीतून जन्मलेला नाही आणि पुण्या-कोल्हापूरच्या वाचनालयांच्या पंगतीत मी त्याला बसवणार नाही. पण लोकांचा हात त्यात अजिबात नाही, असेही म्हणता येत नाही. संग्रह सार्वजनिक झाल्यावर तंजावरच्या काही मराठी विद्वान घराण्यांनी आपापले खासगी संग्रह या ग्रंथालयाला दिले. त्यांत जंबुनाथभट लांडगे, कागलकर आणि पतंग अवधूत यांच्या संग्रहांची नावे घेतली जातात. आपल्या घरात पिढ्यानपिढ्या पूजेला लागणारी पोथी माणूस वाड्यात नेऊन देतो, तेव्हा तो वाडा आता राजाचा राहिलेला नाही, आपला झाला आहे, हे त्याने मनाशी मानलेले असते. मला तो खुलेपणाचा खरा पुरावा वाटतो. सरकारी आदेशाने दार उघडले, परंतु पुढे लोक हातात पोथी घेऊन त्या दाराने आत आले.

पुस्तक घरी नेण्याची सोय हस्तलिखितांच्या बाबतीत अर्थातच संभवत नाही. मात्र १९३९ पासून ग्रंथालय स्वतःचे नियतकालिक काढत आले आहे आणि त्यातून, तसेच स्वतंत्र पुस्तकांच्या रूपाने, अनेक पोथ्या छापून लोकांपर्यंत पोचल्या आहेत. १९८३ मध्ये भारत सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली.


प्रतिसाद ३ : कावेरीकाठ

मी तंजावरी मराठी घरातली आहे. माझे शिक्षण तमिळमधून झाले, त्यामुळे येथे लिहिताना चुका झाल्यास सांभाळून घ्यावे. आमच्या घरी आजही मराठी बोलली जाते, पण माझ्या आईच्या पिढीपासून ती लिहिली जाते तमिळ लिपीत. आजीच्या आरत्यांची वही तमिळ अक्षरांतली आहे आणि शब्द सगळे मराठी आहेत. सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते सुमारे तीन हजार आहेत. आमच्या घरातल्या माणसांना ती कोणी वाचून दाखवली तर बरीचशी कळतील, पण स्वतः उघडून वाचता मात्र येणार नाहीत. ही गोष्ट मला नेहमी टोचते.

पोथीपान यांनी नाटकांचा उल्लेख केला, त्यात निरूपणांची भर घालते. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावर आणि मन्नारगुडी येथे होते आणि त्यांच्याबरोबर मराठी कीर्तन इकडे आले. आमच्याकडच्या हरिकथेत अजूनही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी छंदांची नावे जशीच्या तशी आहेत. तमिळ भागवतर कथा सांगताना मध्येच दिंडी म्हणतात, तेव्हा ती मूळ कोठली हे ऐकणाऱ्यांना ठाऊकही नसते. रामदासी आणि दत्त संप्रदायांच्या मठांतले वाङ्मय या ग्रंथालयातील मराठी विभागात मोठ्या प्रमाणावर आहे. नृत्यासाठी रचलेली मराठी पदे आणि निरूपणेही आहेत. सरफोजीराजांची ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाची मराठी रचना तर भूगोल शिकवते. कुरवंजी हा आमच्याकडचा जुना नाट्यप्रकार आहे, त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती येते. राजांनी तिच्या तोंडून पृथ्वीवरचे खंड आणि देश यांचे वर्णन घातले. नव्या विद्येला जुन्या गाण्यात बसवण्याची ही युक्ती शाळेत कोणी आम्हांला शिकवली असती, तर केवढा आनंद झाला असता.


प्रतिसाद ४ : लपेटी

कावेरीकाठ, आपले मराठी उत्तम आहे, संकोच करू नये. आजीच्या वहीची छायाचित्रे मात्र लवकर काढून ठेवा, कारण अशी वही म्हणजे तुमच्या बोलीचा लेखी पुरावाच आहे.

मी गेली काही वर्षे मोडी शिकवतो, म्हणून मोडी कागदांविषयी लिहितो. सरस्वती महालात मराठ्यांच्या राजदप्तरातली १,३४२ गाठोडी असल्याची नोंद आहे. ज्यांनी जुन्या दप्तराचा रुमाल कधी सोडलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की गाठोडे म्हणजे कापडात बांधलेले सुटे कागद. हिशेबाचे बंद, हुकूम, यादी, पत्रे, अन्नछत्रांचा खर्च, नाटकशाळेचा खर्च, शिधा कोणाला किती द्यायचा याच्या नोंदी, असे त्याचे स्वरूप असते. पोथीला आरंभ आणि शेवट असतो, तसा या कागदांना नसतो, आणि एक कागद कळायला दुसरे दहा वाचावे लागतात. शिवाय तंजावरच्या मोडीत गावांची, धान्यांची, हुद्द्यांची तमिळ नावे येतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि बोरू न उचलता लपेटीत लिहिण्याची पद्धत असते, त्यामुळे ओळखीचा मराठी शब्द संदर्भाने लागतो, परंतु अनोळखी तमिळ शब्दापाशी पुण्यात शिकलेला वाचक अडतो. उलट तमिळ जाणणाऱ्यास मोडी येत नाही.

यावर उपाय झालेला आहे, आणि तो तमिळ लोकांनी केला, हे आपण कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह तीन खंडांत १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. आज तंजावरच्या मराठी राजवटीतील सामाजिक जीवनाविषयी तमिळमध्ये जे लिहिले जाते, त्याला या खंडांचा मोठा आधार आहे. मूळ कागद मराठी, लिपी आपली, आणि ते वाचण्यासाठी आपल्याला तमिळ शिकावे लागते, अशी सध्याची स्थिती आहे. मी यात दोष कोणाला देत नाही, पण महाराष्ट्रात मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालत असताना, त्यांतून तयार झालेल्या विद्यार्थ्यांपुढे कायम पेशवे दप्तराचेच नमुने ठेवले जातात. माझ्याही वर्गात हेच होत आले आहे. यंदापासून मी तंजावरचे छापील नमुने शिकवायला घेतले आहेत.


प्रतिसाद ५ : ओसरी

माझ्या शंकेचे उत्तर मिळाले, आभारी आहे. घरातल्या पोथ्या लोकांनी आणून दिल्या हा तपशील मला माहीत नव्हता, आणि त्यानंतर ‘सार्वजनिक’ या शब्दावरची माझी हरकत मी मागे घेतो. आणखी एक विचारतो. तंजावरची हवा उष्ण आणि दमट. अशा ठिकाणी ताडपत्रे तीन-चारशे वर्षे टिकली कशी?


प्रतिसाद ६ : पोथीपान

ओसरी यांस,

ताडपत्र मुळात चिवट असते. त्यावर लोखंडी लेखणीने अक्षर कोरतात आणि मग काजळी चोळतात. काजळी कोरलेल्या रेघांत बसते आणि वरची पुसली जाते. पानांना भोक पाडून दोरी ओवतात आणि वर-खाली लाकडी फळ्या घालून बांधतात. शत्रू दोन : कसर आणि कोरडेपणा. पान वाळले की कडेने तुटू लागते, म्हणून त्याला गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल पुसतात. त्याने पान पुन्हा लवचीक होते आणि वासाने कीडही दूर राहते.

कसरीसाठी तेथे एक जुनी पुडी वापरली जाते. वेखंड, जिरे, लवंग, मिरी आणि दालचिनी यांची भरड पूड करून तीत कापराचे तुकडे घालतात, आणि ती फडक्याच्या लहान पुरचुंडीत बांधून पोथ्यांच्या मध्ये ठेवतात. वास उडाला की पुरचुंडी बदलायची. तान्ह्या मुलाला वेखंड उगाळून लावणाऱ्या आपल्या घरांत हा वास परका नाही. याच्या जोडीला धुरी देण्याची आधुनिक पेटी, सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) आणि अलीकडचे संगणकीय चित्रण हेही आहे. परंतु रोज कोणीतरी फडताळ उघडून पुरचुंडी पाहते, हे काम थांबले असते तर बाकी साधनांचा उपयोग झाला नसता.

लपेटी आणि कावेरीकाठ यांना एक विचारायचे आहे. मराठी हस्तलिखितांच्या छापील सूचीतून निरूपणे आणि कीर्तनाची आख्याने यांचे क्रमांक मी पुढच्या महिन्यात उतरवून काढणार आहे. लपेटी यांच्या विद्यार्थ्यांपैकी दोघे-तिघे आणि तमिळ जाणणारे कावेरीकाठ यांच्यासारखे कोणी एकत्र बसू शकले, तर त्यांतले एखादे अप्रकाशित आख्यान आधी ग्रंथालयाला रीतसर पत्र लिहून, परवानगी घेऊन, नागरी आणि तमिळ अशा दोन्ही लिपींत शेजारी शेजारी उतरवता येईल.


प्रतिसाद ७ : कावेरीकाठ

माझी तयारी आहे. मामा तंजावरला असतात, त्यांच्याकडे उतरण्याची सोय होईल. आईला साकी आणि दिंडीच्या चाली येतात, त्यामुळे जेथे अक्षर लागणार नाही तेथे मात्रा मोजून शब्द ठरवायला तिची मदत घेता येईल.


प्रतिसाद ८ : लपेटी

दोन विद्यार्थिनी तयार झाल्या आहेत, त्यांतली एक सोलापूरची असून तिला कन्नडही येते. क्रमांक हाती आले की कळवावे, पत्राचा मसुदा मी करतो.